साडेआठचं शून्य

"शून्य, शून्य, परत शून्य. बाई, तुम्ही पाऊस मोजता की वांझ कोंबडीची अंडी?"

तपासनीस साहेब वहिनींच्या अंगणात वही उघडून उभे होते. भर पावसाळ्याचे दिवस, पण माती अशी की फुंकर मारली तरी उडावी. मोटारसायकलवरून आलेल्या साहेबांच्या भुवयांवरही ती बसली होती. मी कुंपणाच्या अलीकडे शेळ्यांना पाला टाकत होतो. खरं सांगायचं तर पाला टाकून झाला होता, पण ऐकायचं होतं म्हणून तीच फांदी इकडची तिकडं करत होतो.

"पडलाच नाही तर काय लिहू साहेब?" वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला आणि वहिनींच्या नाकासमोर धरला. "हे तुमचं खोरं. रंग कोणता? हिरवा. वर उपग्रह आहे, तो सगळं बघतो. गेल्या महिन्यात त्यानं इथं एकशे चाळीस मिलिमीटर पाऊस दाखवलाय. तुमच्या वहीत किती? अकरा. आता उपग्रह खोटं बोलतो म्हणायचं का?"

"मी कशाला कुणाला खोटं म्हणू? तुम्ही उभे आहात त्या मातीलाच विचारा."

साहेबांनी मातीला विचारलं नाही. ते नळकांड्यापाशी गेले. पाऊस मोजायचं नळकांडं म्हणजे काही मोठं यंत्र नाही. जमिनीत रोवलेलं हातभर उंचीचं भांडं, वर नरसाळं, आत बाटली. बाटलीत साठलेलं पाणी रोज सकाळी साडेआठला खुणांच्या काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि मोबाइलवरून कचेरीला कळवायचा. साहेबांनी नळीनं मोजून पाणी नरसाळ्यात ओतलं, बाटली काढली, परत मोजलं. थेंबसुद्धा कमी भरला नाही.

"भांडं ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि ते ठीक निघाल्याचाच त्यांना राग आला. "म्हणजे माणूस ठीक नाही. तुम्ही बघतच नसाल. घरात बसून शून्य टाकायला काय लागतं?"

घरातून खाटेची करकर ऐकू आली. आत तात्या होते, वहिनींचे सासरे. त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून राग आला की ते खाट हलवत.

"दोन महिने बघणार," साहेबांनी गाडीला किक मारली. "जमिनीचा आकडा वरच्या आकड्याशी जुळला नाही तर केंद्र बंद. मग उपग्रहाचा आकडा तोच तुमच्या गावाचा आकडा."

"आणि उन्हाळ्यात पाण्याची गाडी?" वहिनींनी विचारलं.

"ती आकडा बघूनच देतात. हिरव्या गावाला गाडी कशाला?"

साहेब गेले. धूळ बराच वेळ अंगणात तरंगत राहिली आणि वहिनी त्या धुळीत तशाच उभ्या राहिल्या.

वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचा नवरा आणि मी शाळेत एका बाकावर बसलो, म्हणून त्या वहिनी आणि मी भावजी. नवरा रस्त्याच्या कामावर, महिन्यातून एकदा येणार, दोन दिवस झोपणार आणि परत जाणार. घरात राहिल्या त्या दोन-तीन म्हशी, वहिनी आणि तात्या.

नळकांडं मुळात तात्यांचं. सव्वीस वर्षं त्यांनी एक दिवस सोडला नाही. आमच्या गावाची गंमत अशी की मावळतीला डोंगराची भिंत आहे. ढग येतात, डोंगराच्या पलीकडं पोटभर कोसळतात आणि उरलेला काळपट कापूस घेऊन आमच्या डोक्यावरून जातात. उंचच उंच, काळेभोर. गडगडाट तर असा की भांडी वाजावीत. कधी कधी पावसाच्या दोऱ्या ढगातून लोंबताना डोळ्यांना दिसतात, पण त्या अर्ध्या वाटेतच सुकतात. खाली येते ती फक्त सावली आणि थंड वाऱ्याची एक झुळूक. गरजेल तो पडेल काय, ही म्हण कुणीतरी आमच्याच बांधावर बसून केली असणार.

असल्या गावात तात्या पाऊस मोजत. लोक हसत. "तात्या, आज किती नाही पडला?" असं विचारत. तात्या मनाला लावून घेत नसत. एकदा कुणाच्या तरी गुरानं नळकांडं लाथाडलं, त्याच सकाळी नेमकी एक सर येऊन गेली. शेजारच्या डबक्यावरून अंदाज बांधता आला असता. तात्यांनी वहीत लिहिलं, 'मापन नाही'. मी तेव्हा म्हणालो होतो, "दहा टाका, कोण बघायला येतंय?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या तव्यावर चप्पल ठेवली होती.

सहा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. वहीवर वहिनींचं नाव लागलं. तेव्हापासून बाई साडेआठला बांधली गेली. माहेरी मुक्काम नाही, लग्नकार्य नाही, कुठं गेल्या तरी पहिल्या गाडीनं जाऊन शेवटच्या गाडीनं परत. गाव त्यांना माघारी मिलीबाई म्हणायचं, मिलिमीटरवरून. त्यांच्या कानावर ते होतंच.

आणि साहेब आले त्या वर्षी वहिनींच्या शहरातल्या लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण. दिवसाआड फोन, "आई, तू कधी येतेस?" वहिनी म्हणायच्या, "बघते." शहर एका दिवसाच्या वाटेवर. गेलं की आठवडा तरी मोडणार. साहेबांची नजर वहीवर, त्यात सात दिवस कोरे दिसले असते तर केंद्र बंद करायला त्यांना आयतं कारण मिळालं असतं.

मी म्हणू शकलो असतो, "जा वहिनी, मी बघतो." मला वाचता येतं, मोजता येतं, घर पन्नास पावलांवर. पण साडेआठ ही माझी शेळ्या सोडायची वेळ, आणि एकदा गळ्यात पडलं की निघत नाही हे मी सहा वर्षं शेजारी बघत होतो. म्हणून मी मदत केली नाही. मी सल्ला दिला. सल्ल्याला काही पैसे पडत नाहीत.

साहेब गेल्याच्या संध्याकाळी मी कुंपणाशी गेलो. वहिनी म्हशीचं दूध काढत होत्या.

"वहिनी, एक सांगू का? थोडं थोडं वाढवून लिहा."

त्यांचा हात थांबला नाही. "म्हणजे काय करू?"

"ज्या दिवशी ढग असतील त्या दिवशी पाच-दहा टाका. मोबाइलवर नकाशा दिसतो ना, त्याच्या जरा खाली ठेवा. साहेब खूश, केंद्र शाबूत. पुढं उन्हाळ्यात बघू."

"आणि तात्यांना काय सांगू?"

"त्यांना खरं सांगा. त्यांना कुठं वही दिसतेय?"

वहिनींनी चरवी उचलली. "भावजी, खरं लिहिलं तर केंद्र जातंय आणि खोटं लिहिलं तर गाव हिरवं होतंय. मग गाडी कशी मिळायची?"

"केंद्र राहिलं तर पुढं कधीतरी खरं लिहिता येईल. केंद्रच गेलं तर काय लिहिणार, कपाळ?"

त्या चरवी घेऊन आत गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

चौथ्या दिवशी सकाळी डोंगरावरून ढग आले. रात्रभर गडगडत होतं. साडेआठला मी कुंपणाशी होतो. वहिनींनी बाटली काढली, उलटी केली. नळीच्या तळाशी एक थेंब आला आणि तिथंच चिकटला. त्यांनी मोबाइल काढला, नकाशा बघितला. त्यावर सोळा होतं. त्यांनी नळीकडं बघितलं, मग आकाशाकडं, मग घराच्या खिडकीकडं. खिडकीतून तात्यांची खाट दिसते.

"किती?" आतून आवाज आला. जड जिभेनं तात्यांना तेवढा एक शब्द स्वच्छ म्हणता यायचा.

"शून्य, तात्या," वहिनी म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं, नऊ.

मी हसून अंगठा वर केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मग ते अंगवळणी पडलं. माणसाला काय, काट्यावर झोपायचीही सवय होते. नकाशा सोळा म्हणाला की वहिनी बारा लिहायच्या, पंचवीस म्हणाला की एकोणीस. खिडकीतून तात्यांना एक आकडा आणि मोबाइलवरून कचेरीला दुसरा. महिन्याभरात साहेबांचा निरोप आला: 'नोंदींत चांगली सुधारणा. असेच चालू ठेवा.' सहा वर्षं खरं लिहिलं तेव्हा कुणी शाबासकी दिली नव्हती.

पावसाळा सरता सरता लेकीला मुलगी झाली. वहिनींनी ती फोनच्या काचेवर बघितली. एवढीशी, डोळे मिटलेली. वहिनी काचेवर बोट फिरवत होत्या आणि बोट लागलं की चित्र सरकत होतं, मग त्या परत मागं आणत. जाऊ शकल्या नाहीत. आता तर खोटं सांभाळायचं होतं. खऱ्याला एक वेळ सुट्टी देता येते, खोट्याला राखण लागते.

ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. विहिरींचे तळ दिसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गावानं पाण्याच्या गाडीसाठी अर्ज केला. वीस दिवसांनी उत्तर आलं. गावच्या कारभाऱ्यांनी शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावून ते वाचून दाखवलं. मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

"उपग्रहाच्या अंदाजानुसार," कारभारी वाचू लागले, "आणि आपल्याच गावातील पर्जन्यमापन केंद्राच्या नोंदीनुसार, यंदा आपल्या गावात पुरेसा पाऊस झालेला आहे. सबब अर्ज नामंजूर."

'आपल्याच गावातील' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. मग चष्मा काढला.

सगळी डोकी हळूहळू मागं वळली. वहिनी दाराजवळ बायकांत बसल्या होत्या. एक म्हातारी शेवटी म्हणाली, "अगं, मोजताना चुकली का तू?" आवाजात रागही नव्हता. वहिनींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. मी समोरच्या फळ्यावरचं पुसट गणित वाचायला लागलो. बारा साते चौऱ्याऐंशी.

"चुकली असेन," वहिनी म्हणाल्या.

बस, एवढंच. सगळे उठले. मीही उठलो. बाहेर कारभारी मला म्हणाले, "तुम्ही तर शेजारी. कधी ध्यानात नाही आलं?" मी म्हणालो, "मी शेळ्यांत असतो हो." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते प्रकरण माझ्या हातात होतं आणि मी हात खिशात घातले.

मग सगळ्या गावाच्या बायका कोरड्या नदीत खड्डे उकरून पाणी भरू लागल्या. वाटीनं भरायचं, फडक्यातून गाळायचं. एक हंडा भरायला अर्धा तास. वहिनी आल्या की बोलणं थांबायचं. माझी बायको घरी येऊन सांगायची, "तिला रांगेत कुणी हटकत नाही. उलट पुढं जा म्हणतात. तेच तिला सोसत नाही." मी जेवत असलो तर ताट सारून उठायचो.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक बाई आल्या. बुटक्या, पाठीवर पिशवी, बूट धुळीनं पांढरे. कचेरीची गाडी नव्हती, फाट्यापासून चालत आल्या होत्या. म्हणाल्या, "मी उपग्रहाच्या पावसाचा अंदाज सुधारण्याचं काम करते. इथल्या केंद्राच्या ताईंना भेटायचंय." कारभाऱ्यांनी माझ्याबरोबर त्यांना वहिनींकडं पाठवलं.

वहिनींनी पाणी दिलं. अर्धा पेला. बाईंनी तो बघितला आणि एक घोट घेऊन बाकीचं तसंच खाली ठेवलं. आम्ही तात्यांच्या खोलीतच बसलो, कारण सावली तिथंच होती. बाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला.

"उपग्रहाला पाऊस दिसत नाही," त्या सांगू लागल्या. "त्याला ढगाचा माथा दिसतो. माथा किती थंड आहे त्यावरून खाली किती पडला असेल त्याचा तो हिशेब मांडतो. छपरावरून धूर निघताना दिसला, म्हणून घरात चार माणसांचा स्वयंपाक झाला असेल असं समजावं, तसं. पण चुलीवर नुसतं आधणच असू शकतं ना? म्हणून आम्हाला घरात शिरून बघणारं माणूस लागतं. ते म्हणजे तुम्ही."

वहिनी जमिनीकडं बघत होत्या.

"मला शंका होती, की डोंगराच्या या बाजूला उपग्रह उगाच जास्त पाऊस दाखवतो. चाळीस गावं आहेत या पट्ट्यात, पण जमिनीवरचं केंद्र एकच, तुमचं. तुमच्या जुन्या नोंदी माझ्या शंकेच्या बाजूच्या होत्या. म्हटलं, सापडलं. पण यंदाच्या चार महिन्यांत तुमचा आकडा उपग्रहाशी छान जुळतोय. म्हणजे उपग्रहाचं बरोबर असावं आणि आधीचं मोजणं ढिसाळ असावं. साहेबांनीही तसंच कळवलंय. म्हणून या पट्ट्यात काही दुरुस्ती करायची नाही असं ठरतंय. तरी म्हटलं, एकदा जाऊन तुमचे आभार मानावेत. इतकं नीट काम फार थोडी माणसं करतात."

खाट करकरली. तात्यांनी डावा हात उचलला होता.

"किती?"

बाईंना कळलं नाही. वहिनी हळूच म्हणाल्या, "आकडे विचारतात."

बाईंनी कौतुकानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला आणि वाचायला लागल्या. अमुक तारखेला नऊ. अमुक तारखेला बारा. एकोणीस. तात्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. आधी मला वाटलं, होकार देतायत. मग बघितलं तर मान आडवी हलत होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं चाललं होतं आणि ते पुसायला उजवा हात उठत नव्हता.

"शून्य," तात्या जड जिभेनं कसंबसं म्हणाले. "शून्य. शून्य."

बाई वाचायच्या थांबल्या. वहिनी उठल्या, तात्यांचे डोळे हातानं पुसले आणि तिथंच खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "ते खरं सांगतात. चार महिने मी खोटं लिहिलंय. आधीचं सगळं खरं आहे. त्यांचंही आणि माझंही."

"का?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी सांगितलं. साहेब, नकाशा, केंद्र बंद करायची धमकी. सगळं सांगितलं, फक्त कुंपणाशी कोण काय बोललं ते सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. भिंत तापलेली होती, तरी मी सरकलो नाही.

बाईंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "ताई, हे मला कचेरीला लिहून द्यावं लागेल. लिहिलं की केंद्रावर डाग लागणार, तुमच्यावर तर लागणारच. नाही लिहिलं तर उपग्रह या चाळीस गावांना असंच हिरवं दाखवत राहणार आणि त्याच्या चुकीवर तुमच्या नळकांड्याचा शिक्का. तुम्ही सांगा."

"लिहा," वहिनी म्हणाल्या.

आणि मग माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. "सल्ला माझा होता. यांच्या मनात नव्हतं. मी भरीला घातलं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. वहिनींनी नाही बघितलं. त्या तात्यांची चादर सारखी करत होत्या. "सल्ला तुमचा होता भावजी, पण हात माझा होता," एवढं म्हणाल्या. शाळेच्या खोलीत जे बोलायला हवं होतं ते मी चार माणसांत बोललो, त्यातलं एक आजारी. तरी त्या संध्याकाळी मी कारभाऱ्यांकडं जाऊन परत सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून हंडे भरणार आहेत का?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्या दिवशी नदीच्या खड्ड्यांवर माझ्या बायकोशी कुणी बोललं नाही.

दीड महिन्यानं कागद आला. बाई कचेरीत भांडल्या असणार, कारण कागदाची भाषा दोन माणसांनी लिहिल्यासारखी होती. चार महिन्यांच्या नोंदी रद्द. जुन्या सव्वीस आणि सहा वर्षांच्या ग्राह्य. त्याचं कारण बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. जुन्या वह्यांत त्यांना अकरा ठिकाणी 'मापन नाही' असं सापडलं होतं. "खोटं लिहिणारा माणूस वही कोरी ठेवत नाही," त्या म्हणाल्या, "तो आकडा टाकतो." मी ते तात्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पण कागद तिथं संपत नव्हता. उपग्रहाची दुरुस्ती करायची तर रद्द झालेल्या काळाच्या बदली दोन पूर्ण वर्षांच्या नोंदी हव्यात, एकही दिवस न चुकता. आणि जिनं खोटं लिहिलं तिनं यापुढं वहीला हात लावायचा नाही. नवीन मोजणारा नेमा. साक्षर हवा आणि अंगणापासून शंभर पावलांच्या आत राहणारा हवा.

शंभर पावलांच्या आत कोण राहतं ते गावाला मोजायची गरज पडली नाही. कारभाऱ्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पेन पुढं केलं.

वहिनी सुटल्या. चौथ्याच दिवशी लेकीकडं गेल्या, तात्यांचं माझ्या बायकोकडं सोपवून. नात बसायला लागली होती तेव्हा कुठं आजीनं तिला मांडीवर घेतली. तिनं अनोळखी बाई बघून भोकाड पसरलं म्हणे. पंधरा दिवस राहून आल्या. आल्या त्या सकाळी मी त्यांच्या अंगणात बाटली काढत होतो. त्या पायरीवर उभ्या राहिल्या. सात पावलांवर नळकांडं, सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरलेलं, आणि आता हात लावायची बंदी. मी नळी जरा तिरकी धरली होती.

"सरळ धरा भावजी. डोळ्यासमोर आणा. वरून बघितलं की जास्त दिसतं."

"हो," मी म्हणालो.

तेव्हापासून मी अडकलोय. माझ्या मेहुणीचं लग्न झालं, घरचे सगळे तीन दिवस गेले, मी गेलो नाही. सख्खा चुलता वारला, तेव्हा सकाळचा आकडा पाठवून निघालो तोवर माती झाली होती. शेळ्या उशिरा सुटतात म्हणून आटल्या. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा नकाशावर बावीस होतं आणि नळीत काही नव्हतं, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"नीट बघून पाठवा जरा. शून्य कसं असेल?"

"तुम्ही या साहेब. दोघं मिळून बघू."

"म्हणजे मागच्यासारखंच सगळं चालू आहे म्हणा."

"मागच्यासारखंच," मी म्हणालो. मी फोन ठेवला. बारा लिहिणं किती सोपं असतं ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण निवडणारी बोटं थांबली होती. मी परत शून्यच पाठवलं. बोटं परत चालू झाली.

दोन वर्षं भरली. एक दिवस चुकला नाही. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला कारभाऱ्यांच्या मोबाइलवर नवा नकाशा आला. डोंगराच्या पलीकडं हिरवंगार आणि अलीकडं आमचं खोरं, चाळीसच्या चाळीस गावं, भाजलेल्या विटेसारखी तपकिरी. सुधारणा झाली म्हणजे काय झालं, तर आमच्याकडं पाऊस पडत नाही हे आता वरूनही दिसायला लागलं. पण गावात असा आनंद झाला, की पाहुणा असता तर त्याला वाटलं असतं नदीला पूर आला. कारभारी घरोघर फोन दाखवत फिरले. "बघा, आपण तपकिरी झालो."

आठ दिवसांनी पाण्याची पहिली गाडी आली. शाळेपासून रांग लागली. मी गाडीच्या नळीशी उभं राहून पोरीबाळींचे हंडे उचलून देत होतो, तेवढ्यात फोन वाजला. उपग्रहवाल्या बाई होत्या. अभिनंदन म्हणाल्या. मग जरा अडखळत म्हणाल्या, "एक विनंती होती. ही दोन्ही वर्षं कोरडीच गेली. एखादं चांगलं ओलं वर्ष नोंदीत आलं पाहिजे, नाहीतर उपग्रह आता उलटा चुकेल, पाऊस पडला तरी नाही म्हणेल. आणखी थोडं थांबाल का?"

"ओलं वर्ष केव्हा येईल?" मी विचारलं.

"ते कुणाला सांगता येणार?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. रांगेत वहिनींचा नंबर आला होता. त्यांना कुणी पुढं जा म्हटलं नव्हतं. मागची बाई उलट कोपरानं ढोसून "आटप की गं, ऊन झालं" म्हणून खेकसली होती. वहिनींनी तिला तितक्याच जोरात काहीतरी सुनावलं आणि हंडा नळीखाली सरकवला.

"कुणाचा फोन?" त्यांनी मला विचारलं.

"बाईंचा. ओलं वर्ष येईपर्यंत मोजा म्हणतात."

वहिनींनी हंडा भरताना बघितला, भरला तसा दोन्ही हातांनी उचलून कमरेवर घेतला. "मग तब्येत सांभाळा भावजी," त्या म्हणाल्या, आणि पाणी न सांडता चालायला लागल्या.